तात्यांचा कान आणि आईची बरणी

तात्यांनी माझ्या आईला फसवलं. इंदापुरात, आमच्याच ओसरीवर, भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं, आणि माझी आई मरेपर्यंत त्यांना देवमाणूस म्हणत राहिली.

मी घासाघीस करून पोट भरलेली बाई आहे. लाकूडवाले, गुळाचे आडते, भाजी घेऊन येणारे बागायतदार, सोलापूर रस्त्यावरचे ट्रकवाले, यांतल्या एकालाही मला गंडवता आलेलं नाही. गंडवलं ते एका म्हाताऱ्यानं, आणि त्याला मी स्वतः निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. हे मला कळलं तेव्हा मी डाळजला एका पडवीत हातात भाकरीचा तुकडा धरून बसले होते. तो तुकडा तोंडापर्यंत गेला नाही. अजूनही जेवताना मधेच ती पडवी आठवते आणि हात तसाच थांबतो.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. इंदापूर आणि बारामती, दोन्ही तालुक्यांत त्यांना तात्याच म्हणत. एवढा राग असूनही मला त्यांना अरेतुरे करता येत नाही, हा माझा आणखी एक राग.

तात्यांचा धंदा जगावेगळा होता. कुणाचं बिऱ्हाड हललं की त्या घरची काच आणि चिनी माती बांधून द्यायची. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत बदल्या फार होत. कचेरीतले कारकून, कालव्याचे ओव्हरसियर, डॉक्टर, मास्तर, आज इंदापुरात तर पुढच्या उन्हाळ्यात बारामतीत. पितळेची भांडी गोणीत कोंबली की काम झालं. पण एव्हाना घरोघरी कपबश्या आल्या होत्या आणि साहेबांच्या बायकांचा सगळा जीव त्या कपबश्यांत. मग त्यांच्या गावी, डाळजला निरोप जायचा आणि तात्या यायचे. अंगात बंडी, डोक्याला भला थोरला पटका. पटका एवढा मोठा, कारण त्यात चिंध्या भरलेल्या असत. काम करता करता चिंधी कमी पडली की पटक्यात हात घालून एक ओढायचे. सकाळी आलेला ऐटदार माणूस संध्याकाळी निघताना एकदम लहान डोक्याचा दिसायचा.

बांधायला कागद आणलेला त्यांना खपत नसे. एका ओव्हरसियरच्या बायकोनं हौसेनं जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग पुढं केला, तर तात्यांनी तो पायानं बाजूला सारला.

"कागूद घसारतो, बाईसाहेब. काचंला कागदात बांधणं म्हंजी लेकराला तेल चोपडून कडंवर घेणं."

ते वापरायचे उसाचं पाचट आणि गव्हाचं काड. चहाच्या रिकाम्या पेट्या आणायचे, तळाला पाचट अंथरायचे, त्यावर पिंजलेलं काड. थाळ्या आणि बश्या कायम उभ्या लावायच्या, आडव्या कधीच नाही. "आडवी ठिवली की वरचीचा भार खालची सोसती," म्हणायचे. "उभ्या माणसावर कोण बसंल?" कप, पेले, किटली यांच्या पोटात घरातलीच ज्वारी भरायची. ज्वारी तशीही न्यायचीच असे. नव्या घरी पोचल्यावर बायका पहिल्या दिवशी कपातली ज्वारी सुपात ओतून घेत आणि ती पाखडत असताना तात्यांचं नाव निघे. मोठ्या बरणीत लहान बरणी, मधे जुनं लुगडं. कपांना ते लेकरं म्हणत, किटलीला थोरली. "थोरलीला मधी बसवा, लेकरं गप ऱ्हात्याल."

पेटी भरून फळी ठोकली की ते तिला दोन्ही हातांनी कवळ घालून हलवत आणि फळीला कान लावत. मग सरळ होऊन म्हणत, "मुकी झाली." पेटीतून आवाज आला नाही म्हणजे आत काही हलत नाही, म्हणजे काही फुटणार नाही. ती मुकी झाली म्हटल्याशिवाय गाडीवान पेटीला हात लावत नसत. स्वतः तात्या मात्र सामानाबरोबर कधी गेले नाहीत. "मी संगट आलो तर पेटीला धीर ऱ्हात न्हाय," हे त्यांचं कारण.

त्यांचा लौकिक झाला तो पळसदेवाजवळच्या अपघातानं. एका डॉक्टरांचं सामान घेऊन चाललेला ट्रक रस्त्याकडेच्या चरात कलंडला. कपाट मोडलं, पलंग मोडला, दगडी जात्याचे दोन तुकडे झाले. तात्यांनी बांधलेली पेटी उलटीपालटी होऊन बाभळीला जाऊन थडकली. डॉक्टरांच्या बायकोनं रडत रडत ती तिथंच रस्त्यावर उघडली, आणि त्याच कपांतून सगळ्यांना चहा पाजला. ही हकिगत मी त्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून माझ्या खाणावळीत ऐकली. सांगताना तो कानाच्या पाळीला हात लावत होता.

पण लोक तात्यांच्या हातापेक्षा त्यांच्या कानाला जास्त मानत. तरुणपणी ते गावोगाव बांगड्या विकत हिंडले होते. जुडी बोटांवर खुळखुळवून त्यातली तडकलेली एक बांगडी न बघता ओढून काढायचे म्हणे. बांधायला बसण्याआधी ते तसंच प्रत्येक भांडं वाजवून घेत. तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही. शेजारचं जातं थांबवायला लावत, कोंबड्या हुसकून देत. भांडं डाव्या तळहातावर घेऊन उजव्या बोटाच्या पेरानं टिचकी मारत. आणि एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती, फक्त तिचा अर्थ मला लागला नव्हता. वाजवताना ते भांड्याकडं बघत नसत. घरातल्या बाईकडं बघत. चोरीच्या तपासाला आलेला फौजदार बघतो तसं, पापणी न लववता.

मग एखादं भांडं बाजूला ठेवत. "हिला तडा हाय. ही वाटंत मरंल. हिला मी बांधायचा न्हाय." तडा दिसत नसला तरी कुणी वाद घालत नसे. तडकलेलं भांडं घेऊन नव्या घराचा उंबरा ओलांडायला कुठली बाई धजावणार? आणि रिकाम्या घरात ते मागं टाकून जाणं त्याहून वाईट, तिथं येणाऱ्याच्या कपाळी ते येणार. म्हणून तात्याच ते भांडं फडक्यात बांधून उचलत. "भीमेला देतो," म्हणत. बाया वर त्यांना नमस्कार करत.

आता बरणीचं सांगते.

सासर सुटलं तेव्हा मी इंदापूरला आईकडं आले. घरात दोन भाकरी थापायचं पीठ आणि आईची कैरीच्या लोणच्याची बरणी, एवढंच होतं. ढोपराएवढी उंच, वरून तपकिरी, खाली पिवळट. झाकणाची मूठ कधीच उडालेली. त्या जागी आईनं लाखेनं एक कवडी चिकटवली होती. मी मोटारस्टँडवर भाकरी आणि ते लोणचं घेऊन बसायला लागले. ड्रायव्हर लोक भाकरीसाठी थांबत नव्हते, भाकरी सगळीकडं मिळायची. ते लोणच्यासाठी थांबायचे. "मावशी, आजीच्या हातचं वाढा," म्हणायचे. त्या बरणीवर मी खाणावळ टाकली. बाकडी घेतली, कपबश्या घेतल्या, चिनी मातीच्या थाळ्या घेतल्या. माणसं वाढली तशा आईनं आणखी बरण्या भरल्या, पण मूळ लोणचं त्या एका बरणीत मुरवायचं आणि त्यातलं बाकीच्यांत घालायचं, असा तिचा नेम. दुसऱ्या कुणाला ती झाकण उघडू देत नसे, मलासुद्धा.

बारामतीत गुळाच्या बाजाराजवळ मला जागा मिळाली. खाणावळ हलवायची ठरली आणि मी तात्यांना निरोप धाडला. त्यांनी उलट निरोपात आपली मजुरी कळवली.

मजुरीवरून मी सुरुवात केली. तो माझा स्वभाव आहे. मी खाली उतरवत गेले, तात्या काड पिंजत राहिले. मी म्हटलं, परगावचा माणूस यापेक्षा कमीत करतो. गप्प. मी आवाज चढवला. गप्प. मी रागानं उठून आत गेले आणि पुन्हा बाहेर आले, तर ते तसेच मांडी घालून काड पिंजत बसलेले. शेवटी मी पुढ्यात जाऊन बसले तेव्हा मान वर करून म्हणाले, "निरोपात सांगितलं तसंच, बाई." मी कबूल झाले. मला राग आला, पण त्याहून जास्त कौतुक वाटलं. माझ्यापुढं न बधणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. पुढं बारामतीत आडत्यांशी बोलताना मी तीच युक्ती वापरली. भाव ऐकायचा आणि तोंड मिटून बसायचं. ती चालली. कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात त्यांना गुरू मानत होते, याची आज मला शिसारी येते.

तात्यांनी कपबश्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या, सगळ्या ठीक. मग आई स्वतः आतून बरणी घेऊन आली. रिकामी करून, धुऊन, उन्हात वाळवलेली. ती तिनं लेकीला सासरी धाडताना हात धरून आणावी तशी आणली. रिकामी बरणी मी जन्मात पहिल्यांदा बघितली. आई समोर बसली. पदर मुठीत धरला. तात्यांनी टिचकी मारली.

मला तरी आवाज देवळाच्या घंटेसारखा खणखणीत ऐकू आला.

तात्या आईकडं बघत होते. पुन्हा टिचकी मारली, पुन्हा आईकडं बघितलं. मग बरणी बाजूला ठेवली.

"तडा हाय."

"कशाचा तडा?" मी म्हटलं. "चांगली वाजली की. तात्या, परत वाजवा."

ते पुढची बरणी उचलत होते.

"तात्या, मी काय म्हणतेय? बांधा ती. फुटली तर माझी मी बघेन, तुम्हाला बोल लावणार नाही."

त्यांनी पुढच्या बरणीला टिचकी मारली. मी बरणीला हात घालणार तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

"गप बस. तुला काय कळतंय त्यातलं? त्यांनी सांगितलं म्हंजी हाय तडा." मग तिनं बरणीवरून हात फिरवला आणि ती हळूच म्हणाली, "माझा हात उतरला गं."

तात्यांनी बरणी आपल्या फडक्यात बांधली. आई त्यांच्या पाया पडली.

बारामतीत आईनं लोणच्याला हात लावला नाही. मी नवी बरणी आणली, त्याच रंगाची, मुद्दाम शोधून. कैऱ्या आणल्या, मोहरी आणली. ती भिंतीकडं तोंड करून बसली. "ज्या हातातली बरणी तडकली, तो हात लोकांच्या ताटात नको," म्हणाली. मी घातलेलं लोणचं गिऱ्हाइकं ताटाच्या कडेला सारून ठेवत. इंदापूरहून ओळखीचा ड्रायव्हर आला की विचारी, "आजी हाईत न्हवं? मग लोणचं असं का?" आई आतून ते ऐके. आयुष्यभर जी बाई उठल्यापासून कुणाच्या तरी जेवणाची काळजी करत होती, ती पोत्यावर बसून नुसती हातांकडं बघायची. पुढच्याच्या पुढच्या कैऱ्यांपर्यंत ती राहिली नाही. शेवटच्या आजारात म्हणाली, "तात्या देवमाणूस. वाटंत फुटली असती तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

त्यानंतर काही वर्षांनी कालव्याच्या एका साहेबांच्या बायकोनं मला गळ घातली. त्यांची बदली झाली होती, तात्या हवे होते, आणि तात्या हल्ली निरोपाला दाद देत नव्हते. मी म्हटलं, मी जाते, माझं ऐकतील. ट्रकमधून डाळजला उतरले.

तात्या शेतावर गेले होते. घरी काकू, म्हणजे त्यांची बायको. बारीक, चटपटीत बाई. माझी ओळख सांगायच्या आधीच तिनं मला पडवीत बसवलं. "उन्हातून आलासा, आदी दोन घास खावा." भाकरी दिली, कांदा फोडला आणि आतून लोणचं वाढायला बरणी घेऊन आली.

झाकणावर कवडी होती.

मला वाटलं, उन्हानं डोळे फिरले. मी हात लावून बघितला. लाख तीच, आईनं अंगठ्यानं दाबलेली, तिच्या अंगठ्याचा ठसा त्यात. मी बरणीला टिचकी मारली. भरलेल्या बरणीचा आवाज असतो तसा, भरीव, स्वच्छ. कुठं चरा नाही, खरखर नाही.

"काकू, ही बरणी कुठली?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि ती मटकन खाली बसली. "तुमी इंदापूरच्या," म्हणाली. "खाणावळीच्या."

"हिला तडा होता."

"न्हाय. तडा कदीच नव्हता."

मी आत बघितलं. फळीवर कप, बश्या, बरण्या, एक किटली. ओव्हरसियरची, मास्तरांची, डॉक्टरांची. भीमेला दिलेलं सगळं तिथं ओळीनं मांडून ठेवलेलं.

"चोरी करतात तात्या?"

"चोरी न्हाय, बाई. नदीवर टाकाया जात्यात, टाकवत न्हाय, माघारी आणत्यात." काकू पदराशी चाळा करत होती. "त्यांला ऐकू येत न्हाय. लई वर्सं झाली. अगदी जवळ तोंड नेऊन वरडलं तर थोडं येतं."

"मग भांडी कशी तपासतात?"

"बायांच्या तोंडाकडं बगून. ज्या बाईचं भांडं, तिला आवाजातला फरक कळतुया. ती भुवई उचलती, ओठ मुडपती. ते त्यावरनं वळकत्यात. पेटीचं कानानं न्हाय, हलवताना हाताला कळतं."

मला हे खरं वाटेना. तेवढ्यात तात्या आले. पाठमोरे होऊन खुंटीला विळा अडकवत होते. मी मागून हाक मारली. मोठ्यानं मारली. पडवीच्या कडेची कुत्री उठून उभी राहिली, पण तात्यांची मान वळली नाही.

मी फळीवरचा एक कप घेतला आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं, हसले. मी त्यांच्या नाकासमोर कपाला टिचकी मारली. कप चांदीच्या वाटीसारखा वाजला. त्या वेळी माझं तोंड कसं झालं असेल ते मला सांगता येणार नाही. तात्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, हळूच मान हलवली आणि म्हणाले, "हिला तडा हाय, बाई."

काकूनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी बरणी उचलून त्यांच्यासमोर धरली. कवडी बघून त्यांचं हसू मावळलं. माझी आई गेली, हे मी सांगितलं आणि काकूनं ते त्यांना हातवारे करून कळवलं. ते पटका काढून मांडीवर घेऊन बसले. डोकं खरंच लहान होतं.

"तुमच्या आईचं तोंड उतरलं व्हतं," ते म्हणाले. "म्या टिचकी मारली आन् तिचं तोंड पांढरं पडलं. म्या म्हटलं, इतकी वर्सं जिनं वापरली तिला कळणार न्हाय तर कुणाला?"

तोंड उतरणार नाही तर काय होणार? सगळं आयुष्य ज्या बरणीत होतं तिची परीक्षा होती. तात्यांनी तिची भीती वाचली आणि तिलाच तडा म्हणून सांगितली. आणि तिनं, आपलीच भीती परत आली हे न कळून, ती देवाची आज्ञा म्हणून कपाळाला लावली. माझा कान तिथं होता. मी सांगत होते. माझं ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांना ऐकूच येत नव्हतं, आणि मी त्यांना पक्का सौदेबाज समजत होते.

मी तोंडाला येईल ते बोलले. तात्या माझ्या ओठांकडं बघत राहिले आणि अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणाले. त्यातलं किती पोचलं, देव जाणे. भाकरी तशीच टाकून, बरणी कडेवर घेऊन मी रस्त्याला आले. काकू मागोमाग आली.

"बाई, ज्या दिशी ही घरी आली त्याच दिशी म्या वाजवून बगितली. चांगली हाय म्हणून सांगितलं त्यांला. म्हणलं, देऊन या माघारी. तर म्हणाले, दिली तर मला परत कोण बोलवंल?"

"आणि तुम्ही?"

तिनं लांबून दिसणाऱ्या ट्रकला हात केला. ट्रक आला, मी चढले.

तात्या आता नाहीत. त्यांच्या हातची पेटी कधी फुटली नाही, हे लोक अजून सांगतात आणि त्यात खोटं काही नाही. ते गेल्यावर भेटायला मी गेले नाही. एका बहिऱ्या माणसाशी मी आणखी किती भांडू? पण काकू आहेत. लेकीकडं भिगवणला असतात, हिंडत्याफिरत्या आहेत आणि त्यांचा कान शाबूत आहे. डाळजहून इंदापूर लांब नव्हतं, बारामतीही नाही. माझी आई पोत्यावर हातांकडं बघत बसली होती त्या सगळ्या काळात, बरणी चांगली आहे हे ठाऊक असलेलं एक माणूस त्याच बरणीतलं लोणचं जेवत होतं.

बरणी माझ्या खाणावळीत फळीवर आहे. रिकामी आहे. काकूंनी यावं, आई बसायची त्या पोत्यावर बसावं, टिचकी मारून ऐकावं, आणि त्या का बोलल्या नाहीत याचं उत्तर द्यावं. त्या घरात ऐकू येणारं माणूस एकच होतं.